ताटाभोवतीचं पाणी

काय सांगू ताई तुमाले, मी वर्ध्याजवळच्या खेड्यातली, बाप लवकर गेला, मायनं चार घरची भांडी घासून मले शिकवलं, त्यातलं एक घर आमच्या शाळेच्या हेडमास्तरांचं, ते मले इंग्रजी शिकवायचे म्हणून हे नर्सिंग झालं, नाहीतर मी कुठची मिशिगनात येते. नागपुरात बारा वर्षं वॉर्डात काढली, मग परीक्षा दिल्या, एजन्सीनं ॲन आर्बरच्या या म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममधी जागा दिली, तीन वर्षांचा करार, नवरा अन् पोरगी अजून नागपुरातच. तुमी लिहून घेऊ राह्यल्या तं लिहा, पण गोड करून लिहू नका, मले राग आहे अन् तो तसाच राहू द्या.

थंडीचं म्हणाल तं तिची सवय होते. बसस्टॉपवर पापण्या चिकटतात, तरी होते. माझ्या वनमाला नावाचं इथं वॅना झालं, तेही चालते. सवय नाही झाली ती दुसऱ्याच गोष्टीची. आपल्याकडं नर्स म्हणजे सगळं पाहते, पेशंट जेवला का, रडू राह्यला का, कूस बदलली का. इथं कामाच्या वाटण्या, भरवणारी वेगळी, गिळणं तपासणारी वेगळी, पुसणारी वेगळी, मी फक्त गोळ्यांची गाडी ढकलायची अन् कॉम्प्युटरमधी लिहायचं. पहिल्या आठवड्यात एका आजीले घास भरवला तं सुपरवायझर म्हणे, वॅना, दॅट्स नॉट युवर जॉब. म्हटलं बरं. शहाण्यासारखी बरं म्हटली मी, अन् तिथंच माती खाल्ली.

सतरा नंबरच्या खोलीत एक काका आहेत, पुण्याकडचे, तरुणपणी इथं आलेले इंजिनियर. काकू गेल्या, अन् विसरण्याच्या आजारानं त्याईचं इंग्रजी सगळं पुसून गेलं, मराठी तेवढी उरली, तीही अर्धी. मी गोळी द्यायले गेली की म्हणायचे, ये बाळ. चार्टमधी लिहून होतं, जेवताना पाणी सांडतो, अन्न ताटाबाहेर टाकतो, अडवलं तर मारतो. म्हणून त्याईले झाकणाचा कप दिला, तं जेवणंच सोडलं. मग डॉक्टरनं शांत राहायची गोळी लिहिली, मुलानं हो म्हणून सही केली, अन् ती गोळी तीन आठवडे मी माझ्या हातानं दिली. चार्ट वाचला अन् दिली. काका दिवसभर खुर्चीत मान टाकून, वजन उतरत चाललेलं, मग पोटात नळी टाकायची गोष्ट निघाली.

एका रविवारी बर्फामुळं भरवणाऱ्या बाया आल्याच नाही, म्हणून दुपारचा ट्रे घेऊन मले पाठवलं. काका त्या दुपारी जरा जागे होते, त्या कपाचं झाकण नखानं काढाची खटपट करू राह्यले, मी काढून दिलं. तं त्याईनं ओंजळीत पाणी घेतलं अन् ताटाभोवती फिरवलं, अर्धं सांडत, पण पूर्ण गोल. मग कुस्करलेल्या बटाट्याचे बारके गोळे उजव्या बाजूले मांडले, ओळीनं. मग हात जोडले अन् जेवले, सगळं जेवले.

मी तिथंच बसली, ताई. चित्राहुती होती ती. जेवायच्या आधी देवाचा घास काढू राह्यला होता तो माणूस, अन् आमी त्याच्यावर औषध करत होतो. आमच्यात नाही हे, आमी बुद्धाचे, देवाचा घास आमच्या घरी कोणी काढला नाही. मले माहीत ते हेडमास्तरांच्या घरामुळं. त्याईच्या ताटाजवळची ती शितं अन् ते पाणी रोज माझी माय पुसायची, अन् मी दारात बसून पाहायची.

सोमवारी मुलगा आला. पन्नाशीचा माणूस, चांगला शिकलेला. सांगितलं तं म्हणे, ओह, दॅट. बाबा घरी रोज करायचे, माझे फ्रेंड्स जेवायला आले की मला एम्बॅरस व्हायचं, मी म्हटलं प्लीज डोन्ट, मग माझ्यासमोर बंद केलं त्यांनी. मी म्हटलं तुमाले माहीत होतं अन् गोळीवर सही केली? म्हणे, कोणी मला विचारलंच नाही. माझा तोल गेला. कॉरिडॉरमधी ओरडली मी, मराठीत, बापाचा घास एकदा तुमी बंद केला अन् दुसऱ्यांदा माझ्या हातानं करवला. माझी वऱ्हाडी त्याले किती समजली माहीत नाही, आवाज समजला. माझ्यावर लेखी तक्रार झाली, अजून एक झाली तं नोकरी जाईल, अन् पोरीचं इथं येणंही. सही कर म्हणाले, केली, पण खाली लिहिलं की गोळी मी दिली, अन् एकदाही विचारलं नाही, ही चूक माझी.

नळी टळली, गोळी बंद झाली. चार्टमधी आता लिहून आहे की जेवणाआधी पाणी फिरवतील, अन्न बाजूले ठेवतील, अडवू नये. मीच भांडून लिहून घेतलं. पण काकांचा हात आता उठत नाही. गोळीनं नेला का आजारानं, डॉक्टर म्हणतात सांगता येत नाही. मले येते सांगता. ताटाकडं पाहत बसतात, तोंड उघडत नाहीत. म्हणून माझ्या जेवणाच्या सुट्टीत मी जाते, किचनमधून भात मागवून ठेवते, चमच्यानं पाणी फिरवते, चार शितं मांडते, मग उघडतात. मुलगा रविवारी येतो, उभा राहून पाहतो, अजून हात लावत नाही.

मायले फोनवर सांगितलं. मले वाटलं चिडेल, म्हणेल याच्यासाठी का तुले शिकवलं. तिनं आधी विचारलं, त्याचा हात उठतच नाही का. मग म्हणे, मांड बाई, म्हातारा माणूस उपाशी नको. पण टेबल तूच पुसजो, दुसऱ्या कोणाच्या मायवर सोडू नको.