बिराने फॉर्मवर ‘होय’ लिहिले त्याबाबत

दिनांक १८ जुलै २००३

मी, सगुणाबाई कोंडिबा टकले, वय अंदाजे पन्नास वर्षे, धंदा शेती, राहणार इनामगाव, तालुका शिरूर, जिल्हा पुणे. आज पोलीस ठाण्यात स्वतःहून आले असून विचारल्यावरून सांगते ते असे की,

मी वरील ठिकाणी पती व सून यांच्यासह राहते. बिरा म्हस्कू कोकरे, वय वीस, हा आमच्याच समाजातला. त्याचे आईवडील मेंढरे राखतात. दिवाळीनंतर ते मेंढरे घेऊन कोकणात उतरतात व पावसाच्या तोंडावर परत येतात.

सप्टेंबर २००१ मध्ये सकाळच्या वेळी त्यांची मेंढरे माझ्या कणसात आलेल्या बाजरीत शिरली. राखणीला बिरा होता. मी एक मेंढी धरली व कोंडवाड्यात घालते म्हणाले. आमची बाचाबाची झाली. त्याने हातातली काठी माझ्या उजव्या हातावर मारली. हाताचे हाड मोडले. मी त्याच दिवशी या ठाण्यात तक्रार दिली. ती खरी होती व आजही खरी आहे. मला त्याचा फार राग आला होता.

त्यानंतर समाजातल्या जाणत्या माणसांनी आम्हाला बिरोबाच्या देवळात बसवले. बिराने सर्वांसमोर चूक कबूल केली. दोन्हीकडच्यांनी बेलभंडारा उचलला. आमच्यात बेलभंडारा उचलला की विषय संपतो, तो पुन्हा कोणी काढत नाही. त्यामुळे केसही तिथेच संपली असे आम्ही धरून चाललो. कोर्टात जाऊन तसे सांगावे लागते हे आमच्यापैकी कोणाला सुचले नाही. बिरोबाने मिटवलेले कोर्टाला कळत नाही, हे आम्हाला या महिन्यात समजले.

देवळातल्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी बिरा न बोलावता माझ्या रानात आला व बाजरी काढू लागला. माझा हात प्लास्टरमध्ये होता. सुरुवातीला मी त्याला पाणीही विचारले नाही. नंतर विचारले. दिवाळीनंतर त्याचे आईवडील कोकणात गेले. तो दौंडला बोर्डिंगात राहून अकरावीला होता. शनिवारी एस.टी.ने माझ्याकडे येई, सोमवारी पहाटे भाकरी बांधून घेऊन जाई. दोन्ही वर्षे असेच चालले. मला तो मावशी म्हणतो.

त्या हिवाळ्यात कोर्टाचे समन्स घेऊन शिपाई गावात आला होता असे आता कळते. कोकऱ्यांच्या घराला कुलूप होते. शिपाई परत गेला व बिराच्या नावापुढे फरार असा शेरा पडला. तो फरार नव्हता. तो माझ्या घरी जेवत होता. मला कोणी विचारले असते तर मी चुलीपुढे बसलेला दाखवला असता.

यंदा बिरा बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाला व त्याने जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजला अर्ज केला. अर्जात तुमच्यावर गुन्हा दाखल आहे काय, असा प्रश्न होता. त्याचे चुलते शंकरराव रांजणगावला कंपनीत आहेत. ते त्याला म्हणाले की नाही लिहून मोकळा हो, कोण बघायला येतंय. बिराने होय लिहिले व आपण काय केले तेही खाली लिहिले. त्यावरून कॉलेजच्या समितीने पोलिसांकडे विचारणा केली व तो फरारचा शेरा त्यांच्यापुढे गेला.

मागच्या आठवड्यात समितीने त्याला बोलावले. मी व त्याची आई कुशाबाई सोबत गेलो. आम्हाला बाहेर बाकावर बसवले. बिरा बाहेर आला तेव्हा त्याचे तोंड उतरले होते. म्हणून मी आत गेले. तुम्ही मुलाच्या कोण, असे तिथल्या साहेबांनी विचारले.

मी म्हणाले, “ह्येनं जिचा हात मोडला, ती मी.”

साहेबांनी मला खुर्ची दिली. ते म्हणाले की कॉलेजात इतर मुले-मुली आहेत, त्यांचाही विचार करावा लागतो. ते मला पटले. मग मी विचारले की ज्यांनी नाही लिहिले त्यांची चौकशी कोणी केली. त्यावर, तसा प्रश्न येत नाही, असे ते म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तुमचा जबाब ठाण्यामार्फत आला तर विचार करू, सोमवारपर्यंत जागा ठेवतो, असे त्यांनी सांगितले.

काल सायंकाळी शंकरराव माझ्या घरी आले. ते म्हणाले, “आक्का, पोरगं तिथं नव्हतंच, नाव चुकून पडलं, येवढंच सांगा. समदं मिटंल.”

मी म्हणाले, “त्यानं खरं लिवलंय. आता म्या खोटं सांगितलं, तर ते पोरगं खोटं पडंल.”

शंकरराव चहा न घेता गेले. कुशाबाई दारात उभी होती. तिनेही मी खोटे सांगावे म्हणून हात जोडले. ती आई आहे, तिचा मला राग नाही. पण मी ऐकले नाही. खरे सांगूनही त्याची जागा गेली तर ती माझ्यामुळे गेली असे होईल.

तरी सांगते. बिराने मला मारले. त्यानंतर त्याने कोणावर हात उगारलेला मी पाहिला नाही. त्याला कॉलेजात घ्यावे. ही तिन्ही वाक्ये एकत्र लिहावीत, एक गाळून दुसरे लिहू नये.

आरोपीविरुद्ध आज तुमची काही तक्रार आहे काय, असे विचारल्यावरून सांगते की बिराविरुद्ध नाही. केस मिटवायला कोर्टात यावे लागेल तर मी येईन.

माझा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. शेवटी आरोपी असे लिहिले आहे, तिथे बिरा लिहा असे मी म्हणाले. तसे करता येत नाही असे साहेबांनी सांगितले. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

निशाणी अंगठा,
सगुणाबाई कोंडिबा टकले