जुनेदचे लाडू

विश्रांतवाडीच्या पोस्टात शेफाली पार्सलच्या रांगेत उभी होती. तिच्यापुढे गल्लीतल्या मदिनाबी, कापडात शिवलेला डबा पोटाशी धरून. त्यांच्यापुढे पांढऱ्या मिशांचे एक अनोळखी आजोबा.

"मुलाला पाठवताय का, ताई?" आजोबांनी मागे वळून मदिनाबींना विचारलं.

"हो, जुनेदला. सरहद्दीवर असतो. डिंकाचे लाडू आहेत. मागच्या खेपेचे एका दिवसात संपवले हो! हावरट कुठला, म्हणून फोनवर चांगला झापला."

"झापू नगा. त्याला एकबी मिळाला नसंल."

"म्हणजे?"

"मीबी फौजेत होतो. घरनं आलेला डबा आधी सगळ्या बराकीत फिरतो. उरलं तर आपल्याला."

"आणि नाही उरलं तर?"

"वास हाय की."

"अगं बाई! मग तुमच्या आईचे लाडू?"

"कधीच नाय मिळाले. दुसऱ्यांच्या आयांचे मात्र लय खाल्ले. कुणाचं नावबी ठाऊक नाय. आभार मानायचं राहूनच गेलं बघा."

"आभार कसले? तुम्ही तिकडे उभे होतात, म्हणून आम्ही इकडे निवांत लाडू वळत होतो."

खिडकी मोकळी झाली. शेफालीने कुणालाच पुढे सरका म्हटलं नाही.

"अवो ताई, शिवण कशापायी उसवताय?"

"एक घ्या. आईचा समजून."

"नगं, नगं. जुनेदला कमी पडंल."

"त्याला तसाही मिळायचा नाहीये. घ्या, भाऊ."