माइकवर टिचकी मारायची नसते

नाही, पण मला एक सांगा, माइक कशासाठी असतो? बोलायला. गायला. फार तर खोकायला, कारण प्रमुख पाहुणे घरून निघाल्यापासून खोकला दाबून ठेवतात आणि नेमका माइकसमोर आल्यावर मोकळा करतात, ते मी तीस वर्षं ऐकतोय, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण टिचकी? टिचकी मारायला असतो का माइक? आत पडदा असतो हो, कांद्याच्या दोन थरांमधला पापुद्रा असतो ना, तसला पातळ... आणि त्यावर तुम्ही बोटानं टक्, टक्-टक्? मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला टेबलाशी, कानावर हेडफोन, आणि ती टिचकी माझ्याकडे कशी पोचते ठाऊक आहे? कुणीतरी कानाखाली वाजवल्यासारखी. म्हणून मी ओरडतो. ओरडणारच. "दादा, माइकवर टिचकी मारायची नसते! बोल! हॅलो म्हण, एक दोन तीन म्हण, मला शिव्या दे, पण बोल!"

आणि दादा काय करतो? मान हलवतो, पुढच्या माइककडे जातो, आणि टक्, टक्-टक्.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. माझ्याकडे वायरी टाकतो, स्टँड उभे करतो. आता तुम्ही म्हणाल, मोठ्या भावाला वायरी ओढायला लावतोस, लाज नाही वाटत? अहो, मी कुठला लावतोय, तो स्वतःहून आला. त्याआधी तो गायचा. तो आणि वहिनी, जोडीनं. फार मोठं नाव नव्हतं, पण गाणं असं की माणसं चपला घालून निघालेली असायची ती चपलांसकट खाली बसायची. नऊ वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. तीन महिन्यांच्या आजारात गेल्या. त्यानंतर दादानं माइकसमोर तोंड उघडलं नाही. घरी बोलतो, भांडतो, भाजीवाल्याशी तर पंधरा मिनिटं घासाघीस करतो, पण माइक दिसला की कुलूप. महिनाभर नुसता भिंतीकडे बघत बसला आणि मग एक दिवस माझ्या गाडीत येऊन बसला, म्हणाला, "वायरींचा गुंता करून ठेवलायस, मी सोडवतो." तो आजतागायत सोडवतोय.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. प्रत्येक साउंडवाल्याचं एक ठरलेलं गाणं असतं. नव्या जागी गेलं, स्पीकर उभे केले, की आधी ते गाणं लावायचं. का? तर ते आपल्याला तोंडपाठ असतं. ते कुठे गुदमरतंय, कुठे टोचतंय, हे ऐकून ती जागा कशी आहे ते कळतं, आणि मग बटणं फिरवून ते गाणं जसं असायला हवं तसं करायचं. माझं गाणं म्हणजे वहिनींचा आवाज. असंच एकदा तपासणीच्या वेळी मी रेकॉर्ड करून ठेवलेला. त्यांचं ते सवाल-जवाबाचं गाणं होतं, बाई विचारते, पुरुष सांगतो. त्या दिवशी दादा आवाज कसा पोचतोय ते ऐकायला मैदानाच्या टोकाला गेला होता, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये फक्त वहिनींचे सवाल आहेत. त्याच्या जवाबांच्या जागी वहिनी तेवढा वेळ गप्प थांबल्यात, आणि मग पुढचा सवाल. मी वीसेक वर्षं प्रत्येक मैदान, प्रत्येक सभागृह त्या आवाजावर लावलंय. दुसरा आवाज मला येतच नाही.

आणि माणूस धंद्यातला, त्यामुळे मी काय केलं होतं, तर ते रेकॉर्डिंग साफ केलं होतं. सुरुवातीला काहीतरी ठोकल्याचा आवाज होता, कुणाच्या तरी धावत्या पावलांचा होता, शेवटी थोडं बोलणं होतं... सगळी कचरपट्टी! पुढून छाटली, मागून छाटली, मधे उरला फक्त स्वच्छ आवाज. मूळ रेकॉर्डिंग मात्र पुसलं नाही, ते आमच्यात कुणी पुसत नाही. त्याच पेनड्राइव्हमध्ये पडून राहिलं.

पण आता दादा माझ्यासोबत, त्याच्यासमोर हा आवाज कसा लावणार? मग मी युक्ती काढली. लावायची वेळ आली की म्हणायचं, "दादा, गाडीतून वायरींना गुंडाळायची काळी टेप आण रे." तो गाडीकडे गेला की पटकन लावायचं, पटकन जुळवायचं, तो येईपर्यंत बंद. नऊ वर्षं! दरवेळी एक काळी टेप! त्याला संशय येऊ नये म्हणून ती घ्यायची, खिशात टाकायची, घरी न्यायची. आमची ही विचारते, "अहो, कपाटात टेपांचं दुकान काढायचंय का?" काय सांगणार तिला?

तर यंदाचा उन्हाळी महोत्सव. तीन दिवस, तळ्याकाठचं मैदान, आणि ऊन म्हणजे... लोखंडी स्टँडला हात लावला तर ठेववत नव्हता. दादाला टक्कल आहे. टोपी कायम मागच्या खिशात घडी घालून, डोक्यावर कधी नाही. "दादा, टोपी घाल रे." "ऊन माझ्या ओळखीचं आहे." असली उत्तरं! तिसऱ्या दिवशी सकाळी वायर गुंडाळता गुंडाळता, काही प्रस्तावना नाही, काही नाही, म्हणाला, "उद्यापासून मी येत नाही. पोरीकडे जातो, कायमचा. ती कधीची बोलावतेय."

मी म्हटलं, "बरं."

बरं! नऊ वर्षं माणूस रोज तुमच्या शेजारी बसून डबा खातो, आणि तुम्ही काय म्हणता, तर बरं. मला म्हणायचं होतं, नको जाऊस. मला म्हणायचं होतं, आईबाबांच्या मागे तूच होतास, आणि तू गेलास तर मी कुणावर ओरडू? पण असलं आमच्या घरात कुणी कुणाला म्हणत नाही. मी म्हटलं, "निळी वायर नीट गुंडाळ, ती मोडते." आणि टेबलाशी येऊन बसलो. तिकडे तो शेवटचे माइक तपासत होता, टक्, टक्-टक्. मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, आजच्या दिवस मार.

दुपारी साडेचारला मोठ्या गायकांचा कार्यक्रम. पाच वाजले, साडेपाच वाजले, गायक रस्त्यात अडकलेले. मैदान गच्च भरलेलं, माणसं छत्र्यांनी आणि कागदांनी स्वतःला वारा घालतायत, पोरं रडतायत. आमचे संयोजक, त्यांना आम्ही घड्याळ म्हणतो कारण ते तुमच्याकडे बघतच नाहीत, मनगटाकडे बघून बोलतात, ते धापा टाकत आले. "साउंडवाले, लावा हो काहीतरी! बासरी लावा, काहीतरी लावा, लोक उठायला लागलेत, मी संपलो, माझी अब्रू गेली, पाच एकतीस झाले!"

मी पेनड्राइव्ह लावला. उन्हानं लॅपटॉपच्या पडद्यावर काही म्हणजे काही दिसेना, माझंच घामट तोंड दिसत होतं त्यात. अंदाजानं खाली गेलो, बासरी तिसरी असते, दाबलं.

टक्. टक्-टक्.

तुम्हाला सांगतो, मी आधी काय केलं असेल? सवयीनं ओरडलो. "दादा, माइकवर टिचकी..." आणि बघतो तर दादा मंचावर, दोन्ही हातांत वायरींची भेंडोळी. त्याचे हात मोकळेच नव्हते. मग पळत्या पावलांचा आवाज आला, मग एक हसू आलं, आणि त्या एवढ्या मोठ्या मैदानावर आमच्या वहिनी म्हणाल्या, "हं, मिळाला ताल. जा तुम्ही लांब."

मूळ रेकॉर्डिंग लागलं होतं. न छाटलेलं.

तो ताल द्यायचा हो वहिनींना! माइकवर टिचकी मारून ताल द्यायचा आणि ऐकायला लांब पळायचा, ती त्याची पावलं होती. मी स्वतःच्या हातानं ती छाटून टाकली होती, कचरा म्हणून. आणि हा माणूस नऊ वर्षं, प्रत्येक गावी, प्रत्येक माइकवर ताल देत होता आणि पुढे कुणी गात नव्हतं. आणि मागून मी ओरडत होतो. माझी बोटं बटणावर होती, बंद करायला एक क्षण पुरला असता, पण बोटं हलेनात.

वहिनींनी विचारलं, "किती लांब राहिलं घर?"

आणि गप्प झाल्या. जवाबाची जागा. अख्खं मैदान त्या जागेत थांबलं. घड्याळ माझ्या कानाशी, "हे काय लावलंय? बंद पडलं का? अहो, बंद पडलं!" आणि मी बघतोय तर मंचावर, मधल्या माइकसमोर, वायरी हातात तशाच धरून दादाचे ओठ हलतायत. तो गात होता. साठ पावलांवरून मला दिसत होतं आणि कुणालाच ऐकू येत नव्हतं, कारण त्याचा माइक मी बंद ठेवलेला. आता काय करायचं? चालू करावा तर त्याचं जे काही असेल ते चार हजार माणसांसमोर उघडं पडणार. नऊ वर्षं जे मी टेपा मागवून मागवून झाकलं ते. आणि बंद ठेवावा तर... उद्या तो जाणार. वहिनींनी दुसरा सवाल विचारला, "पाय दुखले, बसू का जरा?" आणि मी माझ्या हातानं त्याचा माइक वर केला.

"बस, मी थांबलोय."

आवाज लागला होता का? नाही लागला. खर होती, सूर जरा खाली होता, मी धंद्यातला माणूस आहे, खोटं सांगणार नाही. पण वारा घालणारे हात थांबले. माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई उभी राहिली होती निघायला, ती तशीच उभी राहिली. घड्याळ पहिल्यांदा मनगट सोडून मंचाकडे बघायला लागले. लोकांना वाटलं कार्यक्रमातलंच आहे, काहीतरी नवीन प्रकार. त्यांना काय ठाऊक, की बाई नाहीये.

तिसरा सवाल. "दिवा लावलाय का रे कुणी?"

याचा जवाब मला ठाऊक होता, वीस वर्षं मी तो मनातल्या मनात भरत आलोय. लावलाय, तुझ्यासाठीच लावलाय, असा आहे तो. दादानं तोंड उघडलं. आणि नाही आला आवाज. माइक पूर्ण वर होता, मला त्याचा श्वास ऐकू येत होता, मैदानाला ऐकू येत होता, पण शब्द नाही आला. ती जागा तशीच रिकामी गेली. आणि मला वाटलं, संपलं, आता मूळ रेकॉर्डिंगमधली पुढची ती कचरपट्टी येणार, आता तरी बंद करावं, तोवर वहिनी बोलल्याच, नेहमीच्या घाईघाईत:

"झालं ना भाऊजी? आणि ह्यांना सांगा, टोपी घाला म्हणावं. ऊन फार आहे."

मैदान हसलं. चार हजार माणसं हसली हो, का नाही हसणार? आणि दादानं वायरी खाली ठेवल्या, मागच्या खिशातून टोपी काढली, घडी उलगडली, आणि घातली.

मग टाळ्या. आणि टेबलाशी बसून मी रडलो. आडोसाबिडोसा काही नाही, हेडफोन कानावर ठेवून सरळ रडलो. घड्याळ मला म्हणतात कसे, "फारच छान बसवलंय हो, आधी का नाही सांगितलंत? छापलं असतं पत्रिकेत!"

मोठे गायक आले, गायले, चांगलंच गायले. सामान गाडीत भरताना दादा एवढंच म्हणाला, "टेपा उगाच मागवत होतास. मला गाडीत सगळं ऐकू येतं." मी म्हटलं, "गाडीत?" तो म्हणाला, "लाउडस्पीकर लावतोस. गाडी मंचामागे. तुला काय वाटलं, ऐकू येत नसेल?"

नऊ वर्षं! तीस वर्षांचा साउंडवाला मी, आणि माझं काम काय, तर आवाज लांब पोचवायचा!

दुसऱ्या दिवशी तो गेलाच मुलीकडे. मी अडवलं नाही, धीर नाही झाला. बसमध्ये बसवलं, पाण्याची बाटली दिली, बरं म्हटलं. दहाव्या दिवशी सकाळी गाडी काढतो तर हा आत बसलेला, टोपी घालून. मी म्हटलं, "काय रे? पोरीनं काही..." "छे. फार करते माझं. स्वतंत्र खोली आहे, खिडकी आहे, वारा आहे." "मग?" त्यानं गाडीची काच खाली केली. म्हणाला, "तिच्याकडे माइक नाही."

परवाच्या कार्यक्रमाला मी मनात म्हटलं, आता काही अडचण नाही, आता माणूस मोकळा झाला, आता बोलेल. टेबलाशी बसलो, हेडफोन लावला, मुद्दाम मऊ आवाजात म्हटलं, "दादा, बोल रे." तो माइकसमोर आला. टोपी सारखी केली. घसा खाकरला. मी वाट बघतोय... आणि टक्, टक्-टक्.

मी म्हटलं, "हं, मिळाला ताल. जा तू लांब."

काय करणार? माइकवर टिचकी मारायची नसते हो. परवाचाही माइक गेला.