दोन हात आधी

...आणि वर मलाच विचारतात हो, "घड्याळ कुणाच्या हातात होतं?" माझ्या! माझ्याच हातात होतं! सहा महिने, आठवड्यातून तीन दिवस, सकाळी साडेसहाला, तलावाच्या काठावर, प्लॅस्टिकच्या ओल्या खुर्चीत बसून... नाकारतोय का मी? पण तुम्हाला सांगतो, ज्या माणसानं एकतीस वर्षं दुकानादुकानांत जाऊन वजनं-मापं तपासली, पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा नुसत्या बोटानं ओळखला, जो दारात दिसला की कापडवाले मीटरपट्टी मागे लपवायचे, त्या माणसाला तुम्ही विचारता घड्याळ कुणाच्या हातात होतं? विचारा! तक्रार नाही माझी. नुसतं कुतूहल आहे.

आता तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ तलावावर गेलाच कशाला? बरोबर आहे. मला पोहता येत नाही. पाणी मला आवडतं, पण पेल्यात! झालं असं, की आमच्या हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ही म्हणजे माझी बायको, निवृत्त नर्स. डॉक्टर म्हणाले, "बाई, काठी सोडायची असेल तर पाण्यात उतरा." ही उतरली. मी सोबत म्हणून गेलो, पिशवी सांभाळायला. आणि तिथं तो प्रौढांचा संघ. संघ म्हणजे काय, पाच माणसं! एक दातांची डॉक्टरीणबाई, एक नळ दुरुस्त करणारा, एक शिंपी, चौथी आमची ही, आणि एक वाचनालयातला कारकून, ज्यानं पस्तीस वर्षं "शांतता राखा" एवढंच वाक्य बोलून काढली, म्हणून त्याला सगळे शांतताराव म्हणतात. शिकवायला एक मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. हे मास्तर पाण्यात उतरलेले मी आजतागायत पाहिलेले नाहीत. काठावरून हात मारतात. म्हणजे हवेत! "असा! असा खेचा! पाण्याला मागं ढकला!" आणि स्वतःचा सदरा कोरडा ठणठणीत. पोहता येतं का हो त्यांना? तक्रार नाही, कुतूहल!

तर मास्तरांनी माझ्याकडे एकदा बघितलं, म्हणाले, "तुम्ही मापाचे माणूस ना? हे घ्या." हातात स्टॉपवॉच, गळ्यात शिट्टी. आता मला सांगा, निवृत्त माणसाच्या गळ्यात कुणी शिट्टी घातली की तो नाही म्हणेल का? घरी माझं टीव्हीच्या रिमोटवरसुद्धा काही चालत नाही!

आता तलाव समजून घ्या. पंचवीस मीटर लांब. एक टोक उथळ, तिथं माझी खुर्ची. दुसरं टोक खोल, नऊ फूट, तिथं मी जाणार नाही, कारण काठावरची फरशी ओली, आणि माझा पायांवर तितकासा विश्वास नाही. एकेकानं माझ्या टोकाहून निघायचं, पलीकडच्या भिंतीला हात लावायचा. मी शिट्टी मारणार, बटण दाबणार. पण भिंतीला हात लागला हे मला कळणार कसं? चष्म्यावर ही वाफ! समोर मला नुसते निळे आणि पांढरे ठिपके. तेव्हा मी नियम केला. मीच केला, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. "भिंतीला हात लागला की ओरडायचं, पोचलो! मी घड्याळ थांबवीन." मास्तर म्हणाले, "वा! शास्त्रीय आहे!"

आणि तुम्हाला सांगतो, प्रगती सुरू झाली! अशी प्रगती, अशी प्रगती, की मी आलेखाची वही आणली, चौकटींची. शांतताराव पहिल्या दिवशी चव्वेचाळीस सेकंद. महिन्यानं त्रेचाळीस. मग एक्केचाळीस. मग चाळीस! डॉक्टरीणबाई त्रेचाळीसवरून चाळीसवर. नळवाला एकोणचाळीसवर. शिंप्याची तर बातच सोडा, त्याला घरी त्याच्या म्हाताऱ्या आईनं नव्यानं ओवाळायचं तेवढं बाकी राहिलं. मास्तर रोज माझी वही बघून काठावर अर्धा तास चालायचे, छाती पुढे काढून. आणि शांतताराव! आयुष्यभर कुजबुजलेला माणूस, त्याचा तो "पोचलोऽऽऽ!" छपरावर आपटून परत यायचा!

आणि आमची ही? एक्केचाळीस. पहिल्या दिवशी एक्केचाळीस. महिन्यानं एक्केचाळीस. तीन महिन्यांनी एक्केचाळीस. एकदा साडेएक्केचाळीस झालं, तेव्हा सर्दी होती. आरंभी पाचांत पहिली होती हो ती! काहीही न करता शेवटची झाली.

आता मला सांगा, माझ्यासारख्या माणसाला झोप लागेल? सगळ्यांचा आकडा खाली येतो आणि एकीचाच येत नाही, असं का? मी तपास सुरू केला. स्टॉपवॉच बिघडलं असेल म्हणून ते घरच्या तिन्ही घड्याळांशी ताडून पाहिलं. बरोबर! तलावच आखूड झाला असेल म्हणून टेप आणून मोजला. हसू नका, खरंच मोजला! पलीकडलं टोक नळवाल्याला धरायला लावलं. पंचवीस मीटर, वर एक बोट. शिंप्याला विचारलं, "तुम्ही सकाळी काय खाता?" डॉक्टरीणबाईंना विचारलं, "दातांचा आणि पोहण्याचा काही संबंध?" त्या म्हणाल्या, "आ करा, सांगते." मी केला नाही.

शेवटी हिलाच विचारलं. "अगं, जरा जोर लाव ना."

"लावते की."

"मग आकडा का हलत नाही?"

"पोहणं माझं काम. आकडा तुमचं."

संपलं! आता या उत्तराला काय म्हणावं? तक्रार नाही हो. नुसतं कुतूहल.

आणि त्याच सुमाराला ती स्पर्धा जाहीर झाली. आठ तलावांचे आठ संघ, प्रौढांची रिले, चौघांनी मिळून. चौघांनी! आणि आम्ही पाच. त्या दिवशी हिनं घरी येऊन काठी कपाटाच्या मागं टाकली, आणि चहा गाळता गाळता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला त्या चौघांत जायचंय." बस. तुम्हाला सांगतो, अडतीस वर्षांच्या संसारात या बाईनं माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. बदल्या झाल्या, रात्रपाळ्या केल्या, स्वतःच्या ऑपरेशनला स्वतः बॅग भरून गेली. आणि आता मागतेय काय, तर रिलेतली एक जागा. नवी टोपीसुद्धा आणून ठेवलेली, लाल, कागदातून न काढता.

पण मी मापाचा माणूस! मास्तर म्हणाले, "वहीत बघा आणि नावं वाचा." मी वाचली. शांतताराव, नळवाला, शिंपी, डॉक्टरीणबाई. राखीव... आणि मी वही मिटली. राखीव कोण ते सगळ्यांना कळलंच. ही म्हणाली, "बरं." रागावली असती तर चाललं असतं. भांडली असती तर मी बिनतोड उत्तर दिलं असतं, एकतीस वर्षं दुकानदारांशी भांडलोय. पण "बरं" ला काय उत्तर देणार? त्या "बरं"नं मी दोन दिवस नीट जेवलो नाही.

स्पर्धेचा दिवस. मोठा तलाव, दोन्ही टोकांना पंच, भिंतीला कसल्या तरी पट्ट्या, हात लागला की वेळ आपोआप फळ्यावर! माणूसच नको. मला जरा वाईट वाटलं. शिट्टी झाली. शांतताराव निघाले. काय निघाले! आठांत तिसरे! मास्तर माझा दंड दाबतायत, "प्रगती! प्रगती!" आणि पलीकडचं टोक जवळ आलं... आणि तो आवाज. "पोचलोऽऽऽ!"

अहो, त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये अजून दोन हात पाणी होतं!

ओरडला, थांबला, आणि तिथंच तरंगत, हसत, माझ्याकडे बघायला लागला, की किती झाले? आणि आवाज ऐकल्याबरोबर त्याच्या डोक्यावरून शिंप्यानं उडी टाकली. शिंपी निघाला, अलीकडे आला, "पोचलो!" दोन हात आधी! उथळ पाण्यात उभाच राहिला, गॉगल काढून पुसायला लागला. नळवाल्यानं उडी मारली. नळवाला पलीकडे, "पोचलो!" दोन हात आधी! डॉक्टरीणबाईंनी उडी मारली. "पोचले!" फळ्यावर आमच्या संघापुढे काहीच नाही. कोरा! पंच काठानं धावत आले, शिट्टी फुंकून फुंकून त्यांचे गाल लाल. "हे ओरडतात कशाला?"

मास्तर म्हणाले, "पद्धत आहे आमची. शास्त्रीय."

"अहो, पण भिंतीला हात कुणीच लावला नाही! चौघांपैकी एकानंही! बाद!"

सगळा तलाव हसत होता. आणि मी? मला सहा महिन्यांचा आलेख डोळ्यांपुढे दिसत होता. एकेक चौकट. मुद्दाम कुणी केलं नव्हतं हो, शपथेवर सांगतो. भिंतीला टेकल्यावर दम लागतो, ओरडता येत नाही, म्हणून आधी एक बोटभर अलीकडून ओरडले. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मग वीतभर अलीकडून. मग हातभर. पोहण्यात कुणाचीच प्रगती झाली नव्हती. प्रगती झाली होती ती ओरडण्यात! आणि मेणाचे गोळे ओळखणारा मी, टेप घेऊन तलाव मोजत होतो.

तेवढ्यात पुकारा झाला, साठीच्या पुढच्या बायकांची पंचवीस मीटर, एक जागा रिकामी आहे, कुणी आहे का? मी वळून पाहतो तो ही उभी. टोपी घातलेली. लाल.

आता खरं सांगतो, मी तेव्हा काय केलं. मी कठडा धरला आणि ओल्या फरशीवरून, एकेक पाऊल टाकत, पलीकडच्या टोकाला गेलो. नऊ फुटांच्या. पण मला बघायचंच होतं. सहा महिन्यांत एकदाही जवळून न बघितलेली ती गोष्ट. ही आली. पुऱ्या पंजानं भिंतीला हात टेकला. मग डोकं वर काढलं. मग श्वास घेतला. आणि मग, हळूच, कुणालाही ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "पोचले."

फळ्यावर एकोणचाळीस! सहा जणींत तिसरी! म्हणजे बघा, तिचा तो एक्केचाळीससुद्धा चुकीचा होता, त्यात दोन सेकंद तिच्या श्वासाचे होते. चौघांना मी माप वाढवून दिलं आणि घरच्या माणसाला कमी. एकतीस वर्षांत असा दुकानदार मला भेटला असता तर मी त्याला सोडला नसता.

घरी येताना विचारलं, "तुला ठाऊक होतं? ते आधी ओरडतात ते?"

"होतं की. मी त्यांच्या शेजारीच पाण्यात असते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही वहीतला आकडा बदलला असता, आणि लोक म्हणाले असते, नवऱ्यानं बायकोला घुसवलं."

"मग तू पण दोन हात आधी ओरडायचंस!"

ती थांबली. म्हणाली, "अहो, जन्मभर ताप मोजला मी लोकांचा. पारा थांबल्याशिवाय आकडा लिहायची सवय नाही." आणि थोडं पुढे जाऊन म्हणाली, "शिवाय तुम्ही टेप घेऊन तलाव मोजत होतात. म्हटलं, पोचतील हेही कधीतरी." मला रस्त्यातच भरून आलं, म्हणजे चष्म्यावर वाफ आली, आणि या वेळी तलाव जवळपास नव्हता.

तर आता नवीन व्यवस्था. संघाची प्रमुख ही. भिंतीपासून पुन्हा मापं घेतली, शांतताराव पंचेचाळीस, म्हणजे पहिल्या दिवसापेक्षा एकनं जास्तच! पण आता आकडे खरोखर उतरतायत, परवा चव्वेचाळीस झाले, त्यांनी कुजबुजून सांगितलं. माझ्याकडून शिट्टी गेली, घड्याळ गेलं. घड्याळ हिच्याकडे, ही भिंतीशी बसते, खोल टोकाला. आणि मला म्हणाली, "काठावरून मापं घेणाऱ्याला एकदा पाण्यात घालायलाच हवा." मी! बासष्टाव्या वर्षी! कमरेला तो फुगा बांधून! मास्तर काठावरून हवेत हात मारतायत, डॉक्टरीणबाई म्हणतायत, "आ करू नका आता, पाणी जाईल!" आणि मी नाकातोंडात पाणी, डोळ्यांत पाणी, कसाबसा हात मारत मारत, पंचवीस मीटर, अहो पंचवीस मीटर, आज सकाळी पहिल्यांदा, जीव एकवटून ओरडलो, "पोचलोऽऽ!"

आणि भिंतीवरून हिचा शांत आवाज आला, "अहो, अजून दोन हात आहेत."

तक्रार नाही माझी. नुसतं कुतूहल आहे... हे दोन हात संपतात कधी हो?