कोणाचंही उलटं नसलेलं नाव

आदरणीय अध्यक्ष एग्बर्ट पिनास, व्यासपीठावरील प्रमुख पाहुण्या, उपमहापौर श्रीमती लीसबेट हाउत्मान, सुरिनामहून आलेली वडीलधारी मंडळी, इथे हॉलंडात जन्मलेली त्यांची मुलं-नातवंडं, आणि वस्तीच्या समितीचं काम आज आपल्या हाती सोपवून निवृत्त होणारी तांते हर्मिना,

स्वयंपाकघरातून भट्टीत भाजलेल्या कोंबडीच्या पोमचा वास यायला लागलाय, तेव्हा मी थोडक्यात बोलेन. आमच्यात थोडक्यात म्हणजे किती, हे उपमहापौरांना एव्हाना कळलं असेलच.

तांते म्हणजे मावशी. पारामारिबोहून ती नर्स म्हणून आली आणि प्रसूतिगृहात तिच्या हातून निम्मी वस्ती जन्मली. तीच बाई पुढे दर डिसेंबरात, सणाच्या नावाखाली काळ्या नोकराचं सोंग घेऊन, तोंडाला काळं फासून नाचणाऱ्या गोऱ्यांच्या मिरवणुकीसमोर फलक घेऊन उभी राहू लागली. तोंडाला काळं फासून घेण्यात कसली मौज, असं विचारायची. एकदा एका तरुणानं मारलेलं अंडं तिच्या कोटावर फुटलं. तिनं रुमालानं कोट पुसला आणि म्हणाली, "तुझ्या आईची कंबर कशी आहे रे आता? तुझ्या वेळी फार दुखत होती." तो पुन्हा मिरवणुकीत दिसला नाही.

पण मला बोलायचंय ते तिच्या आडनावाबद्दल. फोलरेग. गुलामी संपली तेव्हा सगळ्यांना आडनावं द्यायची वेळ आली. तिच्या पूर्वजांच्या मळ्याचा मालक होता गेर्लोफ. स्वतःचं नाव कसं देणार? पण माणसं कोणाची, हे तर दिसायला हवं. म्हणून त्यानं आपल्याच नावाची अक्षरं शेवटून पहिल्याकडे लिहिली. गुलामीनंतर भारतातून करारावर मजुरीला नेलेल्या आम्हा हिंदुस्तान्यांचं त्या मानानं बरं. रामटहल हे निदान माझ्या पणजोबांचं स्वतःचं नाव होतं, धक्क्यावरच्या कारकुनानं त्याचं आडनाव करून टाकलं इतकंच.

तांतेला ते नाव टाकायचं होतं. पूर्वीचा नियम असा, की पैसे भरा आणि नावामुळे मनाला त्रास होतो असा दाखला आणा. ती गेली. डॉक्टरांनी विचारलं, हे नाव तुम्हाला छळतं का? ही म्हणाली, "मला कशाला? छळायला तुम्हाला हवं." दाखला अर्थातच मिळाला नाही.

मग एका भल्या अधिकाऱ्यानं सुचवलं की तुमच्यापुरतं गुपचूप करून देतो. ती म्हणाली, "माझ्या मागे रांग आहे." आणि सगळ्यांसाठी हा हक्क मागत वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत राहिली. तिचं हृदय थकत चाललं होतं. मालकाचं नाव घेऊनच ही जाणार, अशी आम्हाला धास्ती होती. निदान तुझं तरी करून घे, असं मी एकदा म्हणालो, तर माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही.

या वसंतात हुकूम निघाला. गुलामांच्या वंशजांना नाव बदलायला पैसे नकोत, दाखला नको. पहिल्या दिवशी ती चाकांच्या खुर्चीत मुद्दाम रांगेच्या शेवटी बसली. तिच्या पुढे टोपी हातात घेतलेले एक गोरे आजोबा होते. खिडकीशी त्यांनी सांगितलेलं नाव तिच्या खुर्चीमागे उभ्या मलाही ऐकू आलं. गेर्लोफ. त्यांनाही नाव बदलायचं होतं. ही सोय तुमच्यासाठी नाही, असं खिडकीतल्या मुलीनं समजावलं. ते मागे वळून कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, की मला या नावाची लाज वाटते.

तांते म्हणाली, "वाटते ना? मग ठेवा. तुम्हीही टाकलंत, तर आमचं नाव कोणाचं उलटं होतं, हे सांगायला कोण उरेल?"

त्यांनी हातातली टोपी डोक्यावर घातली. मग त्यांनीच तिची खुर्ची खिडकीपर्यंत ढकलत नेली.

तिनं नवं नाव सांगितलं, आफीबा. मळ्याच्या जुन्या दप्तरात तिच्या पणजीची आई एवढ्याच नावानं आहे. आफ्रिकेतल्या रीतीप्रमाणे, शुक्रवारी जन्मली म्हणून आफीबा. मुलगी म्हणाली, हे तर पाळण्यातलं नाव झालं, आडनाव कुठाय?

"तिला आडनाव नव्हतंच, बाळा. म्हणून ती कोणाचं उलटं नव्हती."

इतकं मोठं माणूस आपल्या शेजारच्या दारात राहतं, रोज आपल्याशी कचऱ्याच्या डब्यावरून भांडतं, याचं मला त्या क्षणी चक्क भय वाटलं. अजूनही वाटतं.

अध्यक्षांनी बोलू दिलं, पाहुण्यांनी ऐकून घेतलं, आचारी मंडळींनी पोम गरम ठेवला, सर्वांचा मी ऋणी आहे. अधिकउणं बोललो असेन, मालकाचं ते नाव नाइलाजानं उच्चारावं लागलं, तेवढं पोटात घाला. आता कृपया सगळ्यांनी उभं राहावं. सत्काराचा स्वीकार करायला मी विनंती करतो, श्रीमती हर्मिना आफीबा यांना.