घाटावरचा कौल आणि घळीतलं पाणी

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. माणसाला बुडवतं काय? जे ठाऊक नाही ते – की जे फार ठाऊक आहे ते? पुढच्या रांगेतले काका मान हलवताहेत. काका, कुठल्या उत्तराला, ते तरी सांगा! असो. ऐका.

तांबवी नदीच्या घाटावर भिवबा नावाडी होता. वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधायची, तिच्यावर बसवून माणसं पलीकडे न्यायची – तीस वर्षं! पण आधी कौल लावायचा. घाटाच्या वरच्या टोकाला पाण्यात विड्याचं पान सोडायचं आणि देवाचं नाव घेत राहायचं. पान घाटाच्या खालच्या टोकाशी पोचेपर्यंत दहा नावं झाली, तर निघायचं. त्याच्या आत पोचलं, तर पाण्याला ओढ आहे – घरी!

एका सकाळी पलीकडच्या काठावरून जावई ओरडला, "मामा! सारजाला कळा लागल्यात! पोर पायाळू आहे! सुईण आणा!"

सारजा, भिवबाची एकुलती एक लेक! त्यानं गौजा सुईणीला आणलं, सवयीनं पान सोडलं. अकरा नावं! पण घाटावर पात्र तीनशे हात रुंद. पलीकडे जायला घटकाभर तरी लागणार. बापाचा जीव थांबेना.

"मावशी, खाली घळीपाशी चल. तिथं नदी बारा हात! दोन रेटे, की पलीकडे!"

बारा हात, मंडळी! हा मंडपसुद्धा त्याहून रुंद आहे!

सांगड खांद्यावर घेऊन पोचले. दोन्हीकडे काळा कातळ, मधून पाणी. फेस नाही, लाट नाही – ताणलेल्या कापडासारखं गुळगुळीत. आणि खालून घुमतंय! पायाखालचा दगड थरथरतोय. गौजाच्या तोंडचं पाणी पळालं.

"पान इथं टाक, भिवबा."

"वर टाकलं की! पाणी तेच आहे, मावशी."

"तेच आहे म्हणूनच सांगते! तीनशे हातांतलं पाणी बारा हातांतून निघायचं. ते काय सावकाश निघंल?"

"म्हातारपणी जीव फार प्यारा झाला गं तुला!"

"मेल्या, मी गेले तर तुझ्या लेकीला कोण सोडवंल?"

भिवबा हसला. सांगडीचा दोर मनगटाला गुंडाळला आणि सांगड पाण्यात ढकलली. "बघ, कशी उभी राहते –"

वाक्य पुरं झालं नाही! पाण्यानं सांगड ओढली, दोर ताठ झाला, भिवबा कातळावरून फरफटत कमरेपर्यंत पाण्यात! नखं दगडावर घासताहेत. मनगटातून रक्त. वेढा सुटेना! गौजा पालथी पडली, कमरेची सुरी काढली – नाळ कापायची सुरी! – आणि दोर कापला.

सांगड कातळाच्या पोटाखाली गेली. दोघं बघत राहिले. बऱ्याच वेळानं, पन्नास हात खाली, एक भोपळा वर आला. एकच – तोही फुटका.

आता? सांगड गेली. लेक पलीकडे. दोघं धावत पुन्हा घाटावर! तिथलं पाणी संथ, आवाज पलीकडे पोचणारं. गौजा बेंबीच्या देठापासून ओरडली, "जावईबापू! ओढू नका! पाय दिसले तरी ओढू नका! आपसूक येऊ द्या!"

जावई घरात धावला. बाहेर आला. पुन्हा आत. पाणी संथ म्हणून लेकीची प्रत्येक किंकाळी भिवबाच्या कानावर स्वच्छ आदळत होती. त्याला कान झाकता येईनात. एक हात निकामी झाला होता! मग किंकाळ्या थांबल्या. सगळंच थांबलं. भिवबानं गौजाकडं बघितलं. तिनं बघितलं नाही.

आणि मग – पोराचं रडणं!

वाचली दोघं. कुणामुळं? भ्यालेल्या म्हातारीमुळं!

हसता काय, मंडळी? आपण इथं टाळ वाजवत म्हणतो – मला राग नाही, लोभ नाही. खोटं नाही ते! इथं आपलं पात्र रुंद आहे. पण बांधावर सख्खा भाऊ समोर उभा राहिला, हातात कुऱ्हाड असली, की तोच राग बारा हातांत येतो. तिथं कुणी स्वतःला मोजलंय? इथून उठलात, की कुणाची घळ रस्त्यात आहे, कुणाची उंबऱ्याच्या आत. पाय टाकण्याआधी भ्या! लाजू नका. आणि भीती वाटतेय तोवरच देवाचं नाव घ्या – नंतर तोंडात पाणी असतं!