पिपाणीवाल्याचा बोर्ड

आत्या : आणि हे 'थोर' कोणाला विचारून लिहिलंस?

पुतण्या : आत्या, आजोबांबद्दल लिहिलंय. उद्या नव्या स्टुडिओचं उद्घाटन आहे. तू फक्त त्यांचं क्लॅरिनेट दे, काचेच्या कपाटात ठेवायचंय.

आत्या : क्लॅरिनेट पिशवीत आहे आणि पिशवी माझ्या मांडीवर आहे. आधी बोर्डाचं बघू. पेंटर, तुम्हीच वाचा. याला स्वतःचं लिहिलेलं वाचताना फार भरून येतं.

पेंटर : 'थोर छायाचित्रकार व थोर वादक दादासाहेब यांचा स्टुडिओ. एकाच वेळी फोटो काढणारे आणि वाजवणारे एकमेव कलावंत.' खाली 'तीन पिढ्यांची परंपरा' लिहायचंय. रंग कालवून ठेवलाय.

आत्या : थोर वादक! अरे, दादा वाजवायला लागले की समोरच्या शिंप्याचं मशीन बंद पडायचं. मशीन म्हणतेय मी. शिंपी आधीच बाहेर गेलेला असायचा.

पुतण्या : लोक लांबून यायचे त्यांच्याकडे.

आत्या : फोटो काढून घ्यायला. कॅमेरा जुना, मंद. भिंगावरचं झाकण काढलं की समोरच्यानं दगडासारखं बसायचं. म्हणून दादांचा नियम, धून सुरू झाली की संपेपर्यंत हलायचं नाही. इतकं भयंकर वाजत असताना हलायची कोणाची छाती होती?

पुतण्या : तेच तर. त्या फोटोंतले चेहरे बघ. मी माहितीपत्रकात लिहिलंय, 'त्या पिढीचा करारी बाणा.'

आत्या : बाणा कसला, कळ आहे ती. कानातून शिरून दाढेपर्यंत गेलेली. गावातल्या सगळ्या पूर्वजांची तोंडं एकसारखी वाकडी, आणि तुम्ही त्यांना भिंतीवर टांगून घाबरता.

पेंटर : आमच्या आजोबांचा फोटो इथलाच. फार तापट होते म्हणतात. आमचे वडील म्हातारे झाले तरी त्या फोटोसमोर शीळ घालायचे नाहीत.

आत्या : तुमचे आजोबा? रंगाची डबी सांडली तर डबीची माफी मागणारा माणूस तो.

पेंटर : म्हणजे आम्ही उगाच घाबरलो.

आत्या : तुम्ही दादांच्या पिपाणीला घाबरलात. तीन पिढ्या. लिहा हवं तर, परंपरा आहे.

पुतण्या : झालं? तुला स्वतःच्या बापाचं काही चांगलं बोलताच येत नाही.

आत्या : तुझ्या बापाचंही येत नाही. त्यानं पेटी वाजवता वाजवता फोटो काढले, दोन्हीकडे हात हलला. आणि तू मोबाइलवर बोट ठेवतोस. फोटो तोच काढतो, वाजवतोही तोच. तुझं कौतुक करायचं तर मोबाइलच्या दुकानात जाऊन करावं लागेल.

पेंटर : एक विचारू? रागावू नका. क्लॅरिनेटला दोन्ही हात लागतात ना?

पुतण्या : लागतात.

पेंटर : मग झाकण कोण काढायचं?

(पेंटर ब्रश डब्याच्या कडेला पुसतो.)

आत्या : पेंटरना प्रश्न पडला. नातवाला आजवर पडला नाही.

पुतण्या : एक नोकर होता. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली उभा असायचा. बाबा सांगायचे.

आत्या : तो नोकर सकाळी तुझ्या बाबांना आंघोळ घालायचा. दुपारी दादांचा जुना कोट चढवून कापडाखाली शिरायचा. कापडातून नुसती बाही बाहेर यायची, झाकण निघायचं. गाव म्हणायचं, दादासाहेबांचा नोकर मोठा तरबेज.

पुतण्या : आजी?

आत्या : माई. कानात कापसाचे बोळे घालून. धून संपलेली तिला कुठली ऐकू यायला? दादांचे फुगलेले गाल बसले की झाकण लावायची. गिऱ्हाईक शिष्ट असलं की बाहीतून एक बोट वर करायची, मग दादा धून पुन्हा पहिल्यापासून वाजवायचे.

पेंटर : आमचे आजोबा जरा जास्तच वाकडे आलेत. त्यांच्यावर दोनदा वाजवलं का?

आत्या : त्यांनी आपणहून 'आणखी होऊ द्या' म्हटलं. भिडस्त माणूस.

पुतण्या : आत्या, हे सगळं तू पदरचं सांगतेस. प्रत्येक फोटोमागे आजोबांचा शिक्का आहे.

आत्या : शिक्का त्यांचा, हात तिचा. मला बाकी काही नको. वरच्या ओळीत तिचं नाव घाल. नाहीतर ही मी पिशवी उचलून निघाले, कपाटात तुझा मोबाइल ठेव.

पुतण्या : मग आजोबांच्या हातचा एकही फोटो नाही म्हणतेस?

आत्या : आहे की. या पिशवीतच असतो, क्लॅरिनेटबरोबर. हा घे.

पुतण्या : हा तर हललाय. कपाळ अर्धं कापलंय. ही... माई?

आत्या : तिचा एवढाच. तिचा फोटो कोण काढणार? एक दिवस दादा म्हणाले, आज तू बस समोर.

पुतण्या : हसतेय.

आत्या : हसेल नाही तर काय. क्लॅरिनेट खाली ठेवलं होतं.

पेंटर : जरा बघू. इथल्या फोटोत हसणारं माणूस पहिल्यांदाच बघतोय मी.

पुतण्या : पेंटर, ती 'एकाच वेळी'ची ओळ काढून टाका. 'छायाचित्रकार'च्या पुढे माईचं नाव घ्या. सगळ्यात वर.

पेंटर : बसेल. आणि 'थोर वादक' ठेवायचं की पुसू?

आत्या : 'थोर' पुसा. 'वादक' राहू द्या.

पुतण्या : आता मधेच का गं कीव आली?

आत्या : ही घे पिशवी. बाई फोटो काढणार म्हटल्यावर तेव्हा समोर बसलं कोण असतं? दादा तसे वाजवत नसते, तर लोकांनी त्या बाहीतल्या हाताकडे बघितलं असतं.